‘हॅव्ह’, ‘हॅज’, ‘हॅड’ : मराठीतून विचार करणाऱ्यांनी हे क्रियापद कसं धरावं

प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘हॅव्ह’चा मराठीत नेमका अर्थ काय? ‘असणे’ म्हणावं, तर ‘इज’ आणि ‘आर’चा अर्थही तोच सांगतात. मग ‘आय ॲम हॅविंग’ चूक का म्हणतात, आणि ‘हॅड हॅड’ असे दोन एकापाठोपाठ कसे येतात? विचारणारी व्यक्ती अंधेरीला नोकरी करते. शिक्षण मराठी माध्यमातलं, वाचलेलं इंग्रजी बऱ्यापैकी समजतं, पण मेल लिहिताना आणि मुलाखतीत नेमकी इथेच गाडी अडते.

मी दादरला नोकरदार मंडळींना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. माझा अनुभव असा की इथे अडणाऱ्याचा अभ्यास कच्चा असतो असं मुळीच नाही. ज्यांची मराठी पक्की, तेच इथे जास्त अडतात, कारण त्यांची मराठी आतून चोख काम करत असते आणि तिचे नियम ती इंग्रजीलाही लावते. म्हणून आधी मराठी काय करते ते पाहू.

मराठीत ‘हॅव्ह’ला क्रियापदच नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यात कर्ता कोण? ‘मी’ नाही, ‘भाऊ’. भाऊ आहेत, आणि ते मला आहेत. मराठी वस्तूला कर्त्याच्या जागी बसवते आणि जिच्याकडे ती वस्तू आहे त्या व्यक्तीला विभक्ती लावून बाजूला ठेवते. हे वळण जुनं आहे. संस्कृतातही ‘तस्य द्वौ पुत्रौ आस्ताम्’ असंच म्हणतात : त्याचे दोन पुत्र होते. हिंदी आणि गुजरातीही याच वाटेने जातात. इंग्रजी नेमकं उलट करते. ती व्यक्तीला कर्ता करते, वस्तूला कर्म करते आणि मध्ये एक क्रियापद घालते. त्या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘असणे’ नाही, ‘धरून असणे’ असा आहे. लॅटिनमध्ये ‘पकडणे’ या अर्थाचं ‘कापेरे’ हे क्रियापद आहे, त्याचं आणि ‘हॅव्ह’चं मूळ एकच.

तेव्हा ‘हॅव्ह’ दिसलं की ‘काय आहे?’ असं विचारू नका. ‘कोण धरून आहे, आणि केव्हा?’ असं विचारा. या क्रियापदाचे जे सात-आठ उपयोग पुस्तकांत वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेले असतात, ते या एका प्रश्नाने जवळ येतात.

पहिला फायदा ‘हॅज’ आणि ‘हॅव्ह’मध्ये होतो. ‘ही हॅव्ह टू सिस्टर्स’ ही चूक आपल्याकडे इतकी का होते? कारण मनात ‘त्याला दोन बहिणी आहेत’ हे वाक्य असतं. बहिणी अनेक, म्हणून ‘आहेत’, म्हणून ‘हॅव्ह’. मराठीच्या हिशेबाने हे अगदी बरोबर आहे. उलट ‘त्यांना एकच मुलगा आहे’ यातल्या ‘आहे’मुळे तोंडातून ‘दे हॅज वन सन’ निघतं. इंग्रजीत बहिणी किती आणि मुलगे किती याला काही महत्त्व नाही. धरणारा एक की अनेक, एवढंच पाहायचं : ‘ही हॅज टू सिस्टर्स’, ‘दे हॅव्ह वन सन’. ‘तिने आंबे आणले आहेत’ इथेही तोच सापळा आहे. आंबे अनेक असले तरी आणणारी एकटी, म्हणून ‘शी हॅज ब्रॉट मँगोज’. ‘आय’ आणि ‘यू’ एकवचनी असूनही ‘हॅव्ह’ घेतात, तेवढं पाठ करायचं.

मराठीला क्रियापद नसलं, तरी तिच्याकडे दुसरी श्रीमंती आहे. कोणत्या प्रकारचं ‘असणं’ हे ती विभक्तीने आणि शब्दयोगी अव्ययाने सांगते. ‘मला दोन मुलं आहेत’ म्हणजे माझी अपत्यं. ‘माझ्याकडे दोन मुलं आहेत’ असं दुकानदार म्हणाला तर ती कामाला ठेवलेली मुलं. ‘माझी उद्या परीक्षा आहे’, ‘खोलीला दोन खिडक्या आहेत’, ‘तिच्यात धमक आहे’, ‘माझ्याजवळ सुटे नाहीत’ : प्रत्येक ठिकाणी नातं वेगळं, जोड वेगळी. इंग्रजी या सगळ्यांवर एकच क्रियापद चालवते : ‘आय हॅव्ह ॲन एक्झाम टुमॉरो’, ‘द रूम हॅज टू विंडोज’, ‘शी हॅज करेज’, ‘आय डोन्ट हॅव्ह चेंज’. निर्जीव वस्तूही धरणारी होऊ शकते, हे आपल्याला विचित्र वाटतं. म्हणून मुलं ‘देअर आर ट्वेल्व्ह कोचेस टू धिस ट्रेन’ असं लांबून लिहितात. ‘धिस ट्रेन हॅज ट्वेल्व्ह कोचेस’ हे सरळ आणि चांगलं इंग्रजी आहे.

नकार आणि प्रश्न करताना ‘डू’ येतं. ‘डझ’ने ‘स’चा भार उचलला की पुढे साधं ‘हॅव्ह’च राहतं : ‘शी डझन्ट हॅव्ह अ पास’. ‘डझन्ट हॅज’ आणि ‘डिडन्ट हॅड’ ही रूपं इंग्रजीत नाहीत. ‘हॅव्ह यू गॉट अ पेन?’ हे ब्रिटिश बोलण्यात ऐकू येईल, तेही बरोबरच.

इथे एक कुंपण आहे. भूक, तहान, भीती, वय आणि थंडी वाजणं या गोष्टी इंग्रजीत धरत नाहीत, तिथे माणूस तसा ‘असतो’ : ‘आय ॲम हंग्री’, ‘आय ॲम अफ्रेड’, ‘आय ॲम थर्टी’. ‘मला थंडी वाजतेय’ हे ‘आय ॲम कोल्ड’. ‘आय हॅव्ह अ कोल्ड’ म्हटलं की समोरचा समजतो तुम्हाला सर्दी झाली आहे. आजार मात्र धरायचे. आणि त्यात ‘अ’ कधी लावायचा ते कानाने पक्कं करावं लागतं : ‘अ कोल्ड’, ‘अ फीव्हर’, ‘अ हेडेक’, पण ‘मलेरिया’ आणि ‘डेंगी’ यांना काही नाही.

आता ‘आय ॲम हॅविंग’. मुंबईच्या मुलाखतींत सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘आय ॲम हॅविंग फाइव्ह इयर्स एक्सपीरियन्स’. यात बिघडलं काय? अनुभव, भाऊ, गाडी, घर या धरून असण्याच्या गोष्टी. आत्ता चाललेल्या, थोड्या वेळाने संपणाऱ्या क्रिया त्या नव्हेत. म्हणून ‘आय हॅव्ह फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपीरियन्स’. पण याच क्रियापदाचा अर्थ ‘खाणे’, ‘पिणे’, ‘घेणे’, ‘अनुभवणे’ असा झाला की ती घडणारी क्रिया होते आणि ‘हॅविंग’ पूर्ण योग्य ठरतं : ‘आय ॲम हॅविंग लंच’, ‘वी आर हॅविंग अ मीटिंग’, ‘ही इज हॅविंग ट्रबल विथ हिज लॅपटॉप’. कसोटी मराठीतूनच घ्या. वाक्य ‘मला... आहे’ किंवा ‘माझ्याकडे... आहे’ असं बसत असेल तर ‘हॅविंग’ नको. ‘जेवतोय’, ‘चाललीय’, ‘होतोय’ असं बसत असेल तर खुशाल वापरा.

ही कसोटी आजारांत थोडी घसरते, कारण आपण ‘मला ताप येतोय’ असंही म्हणतो. एकदाचा ताप असेल तर ‘आय हॅव्ह अ फीव्हर’. मात्र गेले काही दिवस अधूनमधून डोकं दुखत असेल, तर डॉक्टरांना ‘आय हॅव्ह बिन हॅविंग हेडेक्स’ असं सांगणं उत्तम, कारण ते पुन:पुन्हा घडतंय. ‘हॅविंग’ या शब्दालाच घाबरून तो कायमचा टाकून देणारे मी पाहते. तसं करू नये. चुकीचं आहे ते ‘हॅविंग’ला नको तिथे बसवणं.

‘आय हॅव्ह अ डाउट’बद्दलही नेहमी विचारणा होते. आपल्या वर्गांत आणि कार्यालयांत हे सर्वांना कळतं, त्यात गैर काही नाही. परदेशी माणसाशी बोलताना मात्र ‘आय हॅव्ह अ क्वेश्चन’ म्हणा. नाहीतर तुमचा त्याच्या बोलण्यावर विश्वास नाही असं त्याला वाटेल.

आता या उत्तराच्या गाभ्याकडे येते : ‘हॅव्ह’ दुसऱ्या क्रियापदाला जोडून येतं तेव्हा काय होतं. ‘आय हॅव्ह कॉट द फिश’. पुस्तकं सांगतात की इथे ‘हॅव्ह’ सहायक आहे, त्याला स्वतःचा अर्थ नाही. आज व्याकरणात ते खरं असलं तरी हे वाक्य जन्मलं कसं हे कळलं की वापर आपोआप सुधारतो. जुन्या इंग्रजीत त्याचा भाव ‘माझ्याकडे मासा पकडलेला आहे’ असा होता, आणि ‘पकडलेला’ हे रूप माशाप्रमाणे बदलतही असे. हळूहळू शब्दांचा क्रम बदलला, रूप बदलणं थांबलं आणि त्यातून ‘मी मासा पकडला आहे’ हा काळ तयार झाला. म्हणजे इथेही कोणीतरी काहीतरी धरून आहे : केलेल्या कामाचं फळ. आणि ‘हॅव्ह’ वर्तमानातलं रूप आहे, म्हणून ते फळ आत्ता हातात आहे.

म्हणूनच ‘आय हॅव्ह सीन हिम यस्टरडे’ चालत नाही. वाक्याचा एक पाय आजमध्ये आणि दुसरा कालमध्ये राहतो. मराठीला हे खपतं, ‘मी त्याला काल पाहिलंय’ असं आपण सहज म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच येतो. काल, गेल्या आठवड्यात, २०१९ मध्ये असा संपलेल्या वेळेचा उल्लेख आला की ‘हॅव्ह’ काढा : ‘आय सॉ हिम यस्टरडे’. वेळ सांगायची नसेल, किंवा ती अजून संपलेली नसेल (आज, या वर्षी, अजूनपर्यंत), तर ‘हॅव्ह’ ठेवा.

पण मराठी माणसाची सर्वांत मोठी चूक ‘हॅव्ह’मध्ये नाही, ‘हॅड’मध्ये आहे. ‘मी काल दादरला गेलो होतो’ याचं ‘आय हॅड गॉन टू दादर यस्टरडे’ असं भाषांतर जवळजवळ सगळेच करतात, चांगले पदवीधरसुद्धा. ‘होतो’ म्हणजे ‘हॅड’ हे समीकरण शाळेत इतकं घट्ट बसलेलं असतं. मराठी ‘गेलो होतो’ला दुसरी कुठली घटना लागत नाही. गेलो, परत आलो, ती गोष्ट आता मागे पडली, एवढं सांगायला ते पुरतं. इंग्रजी ‘हॅड’ एकटं उभं राहत नाही. त्याला भूतकाळातला एक टेकू लागतो : त्या क्षणी मी काय धरून होतो? टेकू नसेल तर साधा भूतकाळ वापरायचा, ‘आय वेंट टू दादर यस्टरडे’.

टेकू म्हणजे काय ते मुंबईच्या इतिहासातल्या दोन तारखांनी दाखवते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये. ‘व्हेन द युनिव्हर्सिटी वॉज फाउंडेड, ट्रेन्स हॅड बिन रनिंग फॉर फोर इयर्स.’ विद्यापीठाची स्थापना हा टेकू. तिथे उभं राहून मागे पाहिलं तर गाड्या चार वर्षं धावत होत्या. दोन्ही घटना भूतकाळातल्या, त्यातली आधीची ‘हॅड’ने सांगितली. नुसतीच पहिली घटना सांगायची तर ‘द फर्स्ट ट्रेन रॅन इन १८५३’, तिथे ‘हॅड’ला काम नाही.

‘हॅज हॅड’ आणि ‘हॅड हॅड’ची भीतीही इथेच जाते. या जोडीत पहिला शब्द सहायक आणि दुसरा खरा ‘धरून असणे’, बाकी गूढ काही नाही. मुंबईत विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली आणि विजेच्या गाड्या आजही आहेत. तेव्हापासून आजपर्यंत धरून आहे, म्हणून ‘मुंबई हॅज हॅड इलेक्ट्रिक ट्रेन्स सिन्स १९२५’. ट्रामचं तसं नाही. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, पुढे ती विजेवर चालू लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजी कायमची बंद झाली. ती होती, आता नाही, म्हणून साधं ‘बॉम्बे हॅड ट्राम्स अनटिल १९६४’. आता तुम्ही त्या मार्चमध्ये, शेवटच्या ट्रामच्या दिवशी उभे आहात असं समजा आणि मागे पाहा. नव्वद वर्षं शहराकडे ट्राम होती : ‘बाय देन, बॉम्बे हॅड हॅड ट्राम्स फॉर नाइन्टी इयर्स.’ ही तीन वाक्यं वहीत एकाखाली एक लिहून ठेवा. ‘हॅज हॅड’ अजून चालू असलेलं, ‘हॅड’ संपलेलं, ‘हॅड हॅड’ भूतकाळातल्या एका बिंदूपर्यंत चालत आलेलं.

कार्यालयात याचा रोज उपयोग होतो. ‘मी काल मेल पाठवला होता’ या मराठी वाक्यात ‘त्याचं पुढे काय झालं?’ अशी हळुवार आठवण दडलेली असते. ‘आय हॅड सेंट द मेल यस्टरडे’ लिहून ती इंग्रजीत पोचत नाही, फक्त व्याकरण चुकतं. आठवण वेगळ्या वाक्यात करावी लागते : ‘आय सेंट यू द मेल यस्टरडे. हॅव्ह यू हॅड अ चान्स टू लुक ॲट इट?’ हे नम्रही आहे आणि स्पष्टही.

‘हॅव्ह टू’ म्हणजे ‘लागणे’. ‘आय हॅव्ह अ लेटर टू राइट’, माझ्याकडे लिहायचं एक पत्र आहे. यातूनच ‘आय हॅव्ह टू राइट अ लेटर’ आलं. काम हातात धरलेलं आहे, ते करावं लागणार. मराठीतल्या ‘जायचं आहे’ला इच्छा आणि सक्ती असे दोन्ही अर्थ असल्यामुळे इथे घात होतो. ‘मला रविवारी ऑफिसला जायचंय’ असं वैतागून म्हणणारा इंग्रजीत ‘आय वाँट टू गो टू ऑफिस ऑन संडे’ म्हणून मोकळा होतो, आणि साहेबांना तो हौसेने येतोय असं वाटतं. सक्ती असेल तर ‘आय हॅव्ह टू गो’. नकारात आणखी सांभाळा. ‘यू डोन्ट हॅव्ह टू स्टँड’ म्हणजे उभं राहायची गरज नाही, जागा आहे. ‘यू मस्टन्ट स्टँड ॲट द डोअर’ म्हणजे दारात उभं राहायचं नाही. एक सोय देतं, दुसरं मनाई करतं. उच्चारही वेगळा आहे : सक्तीचं ‘हॅव्ह टू’ बोलताना ‘हॅफ्टू’ होतं आणि ‘हॅज टू’चं ‘हॅस्टू’. ‘आय हॅव्ह टू टिकेट्स’मध्ये, म्हणजे माझ्याकडे दोन तिकिटं आहेत, तेव्हा ‘व्ह’ स्वच्छ ऐकू येतो.

करून घेण्याचा उपयोग पुष्कळांना शिकवलेलाच नसतो, म्हणून तो राहून जातो. आपण ‘केस कापले’ म्हणतो आणि न्हाव्याकडून कापून घेतले हे सगळ्यांना कळतं. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर मात्र स्वतः कात्री चालवली असा अर्थ होतो. ‘आय हॅड माय हेअर कट’ : केस कापलेल्या स्थितीत मिळवले. ‘वी हॅड द एसी रिपेअर्ड’, ‘शी हॅड हर ब्लड टेस्टेड’ ही याच घडणीची वाक्यं. शब्दांचा क्रम इथे सगळं ठरवतो. ‘आय हॅड कट माय हेअर’ लिहिलंत की अर्थ पुन्हा ‘मीच आधी कापले होते’ असा होतो. याच घडणीने नको असलेली गोष्टही सांगता येते : ‘ही हॅड हिज पॉकेट पिक्ट’, त्याचं पाकीट मारलं. त्याने मुद्दाम मारून घेतलं असं कोणी समजत नाही.

बोलताना हे क्रियापद फार आक्रसतं. ‘ही’ज गॉन’मधला ‘ज’ म्हणजे ‘हॅज’, पण ‘ही’ज टायर्ड’मधला ‘इज’. ‘आय’ड’ हे ‘हॅड’ही असतं आणि ‘वुड’ही. पुढचं रूप ऐकून ओळखायचं : ‘आय’ड गॉन’ असेल तर ‘हॅड’, ‘आय’ड गो’ असेल तर ‘वुड’. ‘शुड हॅव्ह’ बोलण्यात ‘शुडव्ह’ होतं. ते ऐकून ‘शुड ऑफ’ लिहिणारे इंग्रजी मातृभाषेचे लोकही आहेत, त्यांचं पाहून लिहू नका.

यातला एकच अपवाद ध्यानात ठेवावा लागतो, ‘हॅड बेटर’. रूप ‘हॅड’चं, पण गोष्ट भूतकाळातली नाही, आणि पुढे साधं क्रियापद येतं : ‘यू हॅड बेटर लीव्ह नाउ’. पुस्तकांत याचं भाषांतर ‘तू निघालेलं बरं’ असं दिलेलं असतं आणि ते सौम्य वाटतं. प्रत्यक्षात त्यात ‘नाहीतर बघ’ अशी छटा असते. मित्राला, मुलाला चालतं. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला ‘यू हॅड बेटर साइन धिस टुडे’ असं कधीही लिहू नका, तिथे ‘कुड यू प्लीज साइन धिस टुडे?’ लिहा. आणि हेच वाक्य वरून तुमच्याकडे आलं, तर ती सूचना नसून ताकीद आहे असं समजा आणि ते काम त्याच दिवशी करा.